रिझ्युमेत नेमकं काय लिहायचं? (मांजलपूर, वडोदऱ्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा)

स्मिताकाकू बी-३०४: नमस्कार सगळ्यांना. आमच्या अथर्वचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. बऱ्याच ठिकाणी अर्ज पाठवले, पण एकाही कंपनीचा फोन नाही. त्याचा रिझ्युमे खाली टाकलाय. कुणी बघून सांगेल का काय चुकतंय?

मृणाल ए-४०१: काकू, बघते ना. पण आधी ती फाइल ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट करा. त्यात आधार आणि पॅन नंबर आहेत. मला वेगळी पाठवा. हे नंबर रिझ्युमेत कधीच नकोत, निवड झाल्यावर कंपनी कागद मागते तेव्हा द्यायचे.

स्मिताकाकू बी-३०४: केली डिलीट. झेरॉक्सवाल्याने त्याच्याकडच्या नमुन्यात भरून दिला होता गं.

विनायककाका सी-१०२: मृणाल, विषय निघालाच आहे तर माझंही विचारतो. मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतलं आमचं युनिट दिवाळीनंतर बंद झालं. सगळी नोकरी तिथेच सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर काढली, रिझ्युमे कधी लागलाच नाही. आता ‘सीएनसी सुपरवायझर, २२ वर्षे अनुभव’ यापुढे काय लिहू ते सुचत नाही. आणि वय ४७.

डी-२०१ आजोबा: आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव नोंदवायचं आणि कॉल लेटरची वाट बघायची. आयपीसीएलमध्ये, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सरकारी पेट्रोकेमिकल कारखान्यात, मी तसाच लागलो. आता तसं काही उरलं आहे का?

मृणाल ए-४०१: आहे आजोबा, पण ऑनलाइन. गुजरात सरकारचं ‘अनुबंधम’ आणि केंद्राचं ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’. दोन्हीकडे नोंदणी फुकट आहे. अथर्वने आणि काकांनी, दोघांनीही करावी. पण तिथेही शेवटी रिझ्युमेच वाचला जातो.

काका, तुमचं आधी घेते. तुमच्याकडे लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त आहे आणि तुम्ही ते एका ओळीत संपवलंत! मी हालोलच्या एका प्लांटमध्ये भरतीचंच काम बघते. ‘२२ वर्षे अनुभव’ वाचून मला काही म्हणजे काही कळत नाही. मशीन कोणती होती, टर्निंग सेंटर (गोल भाग कातणारी) की व्हीएमसी (उभं मिलिंग करणारी)? कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारी संगणक यंत्रणा, फानुक कंपनीचा की सीमेन्सचा? प्रोग्रॅम स्वतः करायचात की नुसते ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती द्यायचात? जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेले भाग, कसले? टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती मायक्रॉनचा? हाताखाली माणसं किती? रिजेक्शन आधी किती होतं आणि तुम्ही शिफ्ट घेतल्यावर किती झालं? याची उत्तरं इथेच टाका, तोच तुमचा रिझ्युमे.

विनायककाका सी-१०२: ५ टर्निंग सेंटर, ३ व्हीएमसी. सगळे फानुक. व्हॉल्व्हचे स्पिंडल आणि सीट रिंग. स्पिंडलला २० मायक्रॉन. शिफ्टला ११ माणसं. प्रोग्रॅम मीच करायचो, नवीन जॉब मशीनवर पकडून ठेवायचं फिक्श्चरही मीच ठरवायचो. पण पदात सुपरवायझरच होतं, मग प्रोग्रॅमिंग कसं लिहू?

मृणाल ए-४०१: पदाचं नाव लेटरवर आहे तेच ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. पडताळणीत ते तपासतात. पण त्याखाली काय काम केलं ते तुम्ही सांगायचं. रिझ्युमे इंग्रजीत करू, मजकूर साधारण असा: ‘फानुक कंट्रोलवर व्हॉल्व्ह स्पिंडल व सीट रिंगचे प्रोग्रॅम तयार केले. ८ मशीन व ११ कामगारांची शिफ्ट सांभाळली. नवीन जॉबसाठी फिक्श्चर ठरवले, पहिला पीस तपासून मंजूर केला.’ बघा, माणूस लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो. रिजेक्शनचा आकडा खात्रीचा असेल तरच घाला. मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न येईल.

वयाचं म्हणाल तर ते लपत नाही आणि लपवायचंही नाही. दोन पानं पुरेत. गेल्या दहा वर्षांचं काम सविस्तर, त्याआधीचं दोन ओळींत. युनिट बंद पडल्यामुळे नोकरी गेली हेही सरळ लिहा. मकरपुऱ्यात कुठलं युनिट बंद झालं ते आसपासच्या कंपन्यांना माहीत असतंच.

विनायककाका सी-१०२: आणि अनुभवाचं सर्टिफिकेट? ऑफिसला कुलूप आहे, मालक फोन उचलत नाहीत.

मृणाल ए-४०१: अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, फॉर्म १६ असेल तर तो. आणि सगळ्यात भक्कम म्हणजे पीएफची सर्व्हिस हिस्टरी. यूएएनने, म्हणजे तुमच्या पीएफच्या नंबराने, लॉगिन करून बघा, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दोन्ही आहेत का. युनिट असं बंद पडलं की सोडल्याची तारीख भरायची बऱ्याचदा राहून जाते. नव्या कंपनीत पीएफ सुरू करताना त्यावरून अडतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले की ती तारीख तुम्हाला स्वतःलाच आधार ओटीपीने भरता येते, ‘मार्क एक्झिट’मध्ये.

सेक्रेटरी ए-१०१: मध्येच सांगतो, उद्या टाकी साफ होणार आहे. ९ ते १२ पाणी बंद. चर्चा चालू ठेवा, चांगली चाललीय.

मृणाल ए-४०१: अथर्व, तुझा बघितला. सगळ्यात मोठी अडचण अशी की ही पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो आहे. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि फोटोतला मजकूर त्याला नीट मिळेलच असं नाही. स्वतः तपासून बघ: पीडीएफमधला मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. काहीच उतरलं नाही तर त्या पोर्टललाही कदाचित कोरं पान दिसत असेल. दोन कॉलम, चौकटी, ते ‘ऑटोकॅड ८० टक्के’चे रंगीत पट्टे, सगळं काढ. एक कॉलम, साधा फॉन्ट, एक पान. फाइलला तुझं नाव आणि ‘मेकॅनिकल डिप्लोमा’ एवढं पुरे.

दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडे गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. तुझ्या आधारवर स्वतःचं नाव आधी आहे. तू फॉर्ममध्ये कधी असं भरलंस, कधी तसं, म्हणून एका ठिकाणी तुझं ‘फर्स्ट नेम’ म्हणून आडनावच गेलंय. आजपासून सगळीकडे आधारप्रमाणे लिही. पुढे यूएएनही आधारच्या नावावरच निघतो. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घे, ऑफर हातात आल्यावर धावपळ नको.

अथर्व बी-३०४: हो ताई. पण मला अनुभवच नाही तर पान भरू कशाने? म्हणून हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीम प्लेअर वगैरे लिहिलं.

मृणाल ए-४०१: ते सगळेच लिहितात रे, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबतच नाही. प्रोजेक्ट काय होता?

अथर्व बी-३०४: पेडलवर चालणारा पाण्याचा पंप. चौघं होतो. मी ड्रॉइंग केलं आणि शाफ्ट वर्कशॉपमध्ये लेथवर स्वतः काढला. बेअरिंग सैल बसत होतं म्हणून दुसऱ्यांदा काढावा लागला.

मृणाल ए-४०१: हेच लिही ना! कोणत्या सॉफ्टवेअरवर ड्रॉइंग केलं, शाफ्ट कोणत्या मटेरियलचा, माप कशाने घेतलं, व्हर्नियर की मायक्रोमीटर, पहिला का नापास झाला. फ्रेशरच्या मुलाखतीत मी तेच विचारते. जो मुलगा ‘बेअरिंग सैल बसलं’ म्हणतो त्याने काम केलंय हे कळतं.

आणि अप्रेंटिसशिपला नाही म्हणू नकोस. १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली डिप्लोमावाल्यांना वर्षभर घेतात, स्टायपेंड मिळतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. पुढच्या अर्जात ‘अनुभव’ या शीर्षकाखाली घालायला खरं काहीतरी हाती येतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदणी कर.

स्मिताकाकू बी-३०४: एका एजन्सीने नोकरी नक्की म्हणून अडीच हजार रुपये फी मागितलीय. भरू का?

मृणाल ए-४०१: अजिबात नाही काकू. मुलाखतीसाठी, युनिफॉर्मसाठी, ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ पैसे मागणाऱ्याला सरळ ब्लॉक करा. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

डी-२०१ आजोबा: भाषा लिहायच्या की नाही?

मृणाल ए-४०१: जरूर लिहायच्या आजोबा, चांगलं आठवलं. काका, तुम्ही कामगारांशी गुजराती आणि हिंदी, दोन्ही बोलता. शॉप फ्लोअरवर त्याची किंमत फार आहे. दोघांनीही शिफ्टमध्ये यायची तयारी आहे हे लिहा आणि ‘मांजलपूर’ लिहा, पूर्ण पत्ता नको. हालोल आणि सावली या गावांकडच्या कंपन्या बसचा रूट बघतात.

विनायककाका सी-१०२: शेवटची ओळ अशी लिहिली आहे: ‘नवीन मुलांना मार्गदर्शन केले.’ बरोबर?

मृणाल ए-४०१: किती मुलं शिकली तुमच्या हाताखाली, काका?

विनायककाका सी-१०२: ऑपरेटर म्हणून आलेली चौदा-पंधरा तरी. त्यातले दोघं आता सावलीला सेटर (मशीन जॉबसाठी लावून देणारे) आहेत.

मृणाल ए-४०१: मग ‘मार्गदर्शन’ खोडा आणि हेच लिहा. त्या दोघांना आजच फोन करा. त्यांच्या कंपनीत जागा आहे का विचारा आणि रेफरन्स म्हणून त्यांची नावं दिली तर चालतील का तेही. कच्चा मजकूर रात्री मला पाठवा, इंग्रजी मी नीट करून देते.