लडाखहून बाइकवर परतल्यावर घरी परकं वाटतं. त्याची तयारी आधी कशी करावी?

सह्यवाटा
आमचा गट ऑगस्टमध्ये पुण्याहून मनालीमार्गे लेहला बाइकवर जातोय, तीन आठवड्यांसाठी. जायची यादी तयार आहे. पण जाऊन आलेले बरेच जण सांगतात की परतल्यावर काही दिवस घरात पाहुण्यासारखं वाटतं, ऑफिसात लक्ष लागत नाही, झोप बिघडते. निघण्याआधीच काही सोय करता येईल का?

माळरान
येईल, आणि ती परतीच्या रस्त्यापासूनच करायची. बहुतेक गट लेहपर्यंत निवांत जातात आणि येताना रजा संपत आली म्हणून उदयपूर ते पुणे एका दमात मारतात. मध्यरात्री घरी, सकाळी ऑफिस. मग नुसता थकवा कुठला आणि मन न लागणं कुठलं, हेच कळत नाही. शेवटचा मुक्काम नाशिकला किंवा वापीला करा, पहाटे निघा, जेवायला घरी पोचा. रजेचे शेवटचे दोन दिवस घरासाठी राखून ठेवा. वाटेत दरड कोसळून अडकलात तर त्सो मोरीरी तलावाची फेरी गाळा, हे दोन दिवस नको.

रस्त्यावर दिवसाला एकच काम असतं, अंधाराआधी मुक्काम गाठायचा. घरी आल्यावर बारीकसारीक वीस कामं एकदम समोर येतात आणि एकही पुरं झाल्याचं समाधान मिळत नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नसल्याने फोनही इतके दिवस गप्प असतो. साठलेले मेसेज एका बैठकीत वाचू नका. आधी हप्ते आणि बिलं, मग जवळची माणसं.

उंबरठा
घरच्यांचा विचार करा. तुम्ही नसताना दूध, शाळेची रिक्षा, सोसायटीची कामं यांची घडी बसलेली असते. आल्या आल्या त्यात ढवळाढवळ नको. रोजचं एकच काम परत अंगावर घ्या, उदाहरणार्थ मुलांना शाळेत सोडणं. दुसरं चार दिवसांनी. फोटो तीस-चाळीसच निवडा, आणि ते दाखवण्याआधी इथे काय घडलं ते विचारा.

निरामय
लेह साधारण ३,५०० मीटरवर, हवा कोरडी. तिथून थेट आपल्या पावसाळी दमटपणात आलं की काही दिवस अंग जड वाटतं. उठायची वेळ प्रवासातलीच ठेवा आणि सकाळी अर्धा तास उजेडात चाला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर असेल तर हँडलच्या दाबाने तळव्याजवळची नस दबलेली असते. बहुधा आपोआप सुटते. पकड ढिली वाटली तर मात्र डॉक्टरांना दाखवा. उदासपणा किंवा निद्रानाश दोन आठवड्यांपुढे गेला तरीही दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

चेनस्प्रॉकेट
पुढची ट्रिप लगेच ठरवा असा सल्ला मिळेल. माझ्या मते महिनाभर नको, त्याने घर आणखी दूर जातं. त्यापेक्षा पहिल्या रविवारी गाडी स्वतः साफ करा, हाताला पुरं होणारं काम मिळतं. चेन डिझेल आणि ब्रशने धुवा, पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवा, नाहीतर बोट जाईल. ढिलाई तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणली जात नाही. माप गाडीच्या पुस्तिकेतलं धरा. एअर फिल्टर धुळीने भरलेला असतोच. नाले ओलांडले असतील तर इंजिन ऑइल बघा: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, गाडी चालू न करता बदला. चाक आडवं हलवून खडखड येते का पाहा, बेअरिंग गेलेलं तिथे कळतं. प्रेशरचं पाणी मात्र बेअरिंगवर थेट मारू नका, ग्रीस निघून जातं.