'फ्लॉवर' म्हणजे फूल की पीठ?

जात्यावरची: सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी पाककृतीचा अनुवाद करतेय. 'फ्लॉवर घ्या, त्यात लोणी चोळा' असं लिहिलंय. मी 'पीठ' केलं. तपासणाऱ्या बाईंनी 'पीठ' खोडून 'फुलं' केलं, वर समासात शेरा: 'गुलाबाची असावीत.' फुलांना लोणी कोण चोळतं? पण खरी अडचण पुढे आहे. दोन ओळी खाली 'मील' येतं. दोन्हीकडे 'पीठ' लिहिलं तर फरकच उरत नाही. काय लिहू?

निमूट वाचक: आमच्या घरी फ्लॉवर म्हणजे भाजी. बटाटा घालून.

कोशकीटक: ताई, तुमचंच बरोबर. फूल आणि पीठ हा इंग्रजीत मुळात एकच शब्द. फ्रेंच लोक दळणातल्या सगळ्यात बारीक, निवडक भागाला 'पिठाचं फूल' म्हणायचे, तेच इंग्रजीने उचललं. स्पेलिंग फार उशिरा वेगळं झालं. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पिठाचं आजचं स्पेलिंगच नाही, पीठ फुलाच्याच पोटात आहे. 'मील' मात्र जुनं इंग्रजी 'मेलू', म्हणजे दळून पडेल ते सगळं. 'मिल' त्याच कुळातली. जेवणाचं 'मील' निराळं, त्याचा मूळ अर्थ ठरलेली वेळ. आपल्याकडेही तसंच: 'पिष्ट'वरून आलेलं पीठ निराळं, विद्यापीठातलं निराळं.

सोलापुरी चादर: मग फ्लॉवर म्हणजे सपीट! लिहा आणि मोकळ्या व्हा. आजी सणाच्या आदल्या दिवशी गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवायची. दळून आणलं की पातेल्याच्या तोंडाला आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधायचा, वर मूठमूठ पीठ टाकून तळहाताने गोल फिरवायचं. खाली पडायचं ते सपीट, वर उरायचा रवा नि कोंडा. नाकातोंडात पीठ जायचं, पण पोळी अशी की पलीकडचं पुरण दिसावं.

कोशकीटक: कापडातून पीठ गाळण्याला इंग्रजीतही वेगळं क्रियापद आहे, 'बोल्ट'. दाराच्या बोल्टाशी संबंध नाही.

जात्यावरची: सपीट पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का? मैदा लिहिलं तर?

मायमराठी: मैदा? खबरदार! शुद्ध फारसी शब्द आहे तो. 'गोधूमपिष्ट' लिहा.

सोलापुरी चादर: 'खबरदार' पण फारसीच की हो.

मायमराठी: सवयीने गेलं. मुद्दा तोच राहतो. आणि इंग्रजांचं कौतुक पुरे, त्यांचा केक आपल्या कणकेवरूनच गेलाय.

कोशकीटक: केकचं मूळ स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतलं 'काका'. कणकेचा काही संबंध नाही, तुमचा असेल तर सांगा, काका.

नानासाहेब: पोरांनो, भांडू नका, याहून मजेदार गोष्ट ऐका. 'लेडी' म्हणजे मुळात पाव मळणारी, 'लॉर्ड' म्हणजे पाव राखणारा. लेडीतला तो 'मळणारी' तुकडा आणि 'डो', म्हणजे मळलेली कणीक, एकाच घरचे, 'डेअरी'सुद्धा तिथलीच. आणि त्यांचा संस्कृत भाऊबंद म्हणजे 'दिह्', लिंपणे. त्यातून 'देह'. जात्याला जुना शब्द 'क्वर्न', तो वेदातल्या सोम कुटायच्या 'ग्रावन्'चा नातलग.

निमूट वाचक: म्हणजे बायको कणीक मळताना देह घडवते. हे तिला सांगू का नको?

सोलापुरी चादर: लाटणं हातात नसताना सांगा.

जात्यावरची: नानासाहेब, छान आहे, पण माझ्या 'मील'चं काय? 'भरड' लिहू का?

मायमराठी: भरड डाळीची असते.

सोलापुरी चादर: कोण म्हणतं? आमच्याकडे ज्वारीची भरड काढतात, कण्यांसाठी.

मायमराठी: कण्या वेगळ्या, भरड वेगळी.

सोलापुरी चादर: कण्या भरडूनच निघतात ना? आकाशातून पडतात का?

निमूट वाचक: सपीट पुण्यात कुठे मिळेल? आमचा गिरणीवाला गव्हाच्या आधी कुणाची तरी ज्वारी काढतो आणि पोळ्या तुटतात.

सोलापुरी चादर: त्याला आधी दोन मुठी गहू वाया घालवायला सांगा.

जात्यावरची: उद्या अकराला मजकूर द्यायचाय हो.

मायमराठी: गोधूमपिष्ट.