फॅटी लिव्हरसाठी कायनेज इनहिबिटर (फॉस्फेट जोडणाऱ्या कायनेज एन्झाइमना रोखणारी औषधं): अजून त्यात वेळ घालवायचा का?

गंधकाम्ल:
माझं मत, नाही. एएसके१ हे कायनेज रोखणाऱ्या सेलोनसर्टिबच्या फेज २ चाचणीत १८ मिग्रॅ घेणाऱ्या ३० पैकी १३ जणांचा फायब्रोसिस (यकृतातले व्रणतंतू) किमान एक पायरी उतरला होता. फेज ३ (स्टेलर-३) मध्ये तोच आकडा १० टक्के, प्लासिबोचा १३. मध्यंतरी रेसमेटिरॉम हे कायनेजशी संबंध नसलेलं औषध २०२४ मध्ये मंजूरही झालं.

तिरपी_काच:
त्या फेज २ वर भिस्त ठेवणंच चुकलं. तुलनेचा गट १० जणांचा, प्लासिबो नाहीच, फक्त सिमटुझुमॅब हे दुसरं प्रायोगिक औषध. शिवाय बायोप्सीच्या सुईत यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा हिस्सा येतो. एवढ्यावर सगळ्या कायनेजना फाशी कशाला?

गंधकाम्ल:
कारण फेज ३ मध्ये यकृतातला फॉस्फो-पी३८ (एएसके१ च्या कामाची खूण) डोसप्रमाणे खाली आला होता. म्हणजे रेणू नेमका एएसके१ वर बसला, तरी फायब्रोसिस हलला नाही. हा रसायनाचा दोष नव्हे. टीएके१ हे दुसरं कायनेज तर त्याहून वाईट: उंदरांच्या हेपॅटोसाइटमधून (यकृतपेशींमधून) ते काढलं की पेशी मरतात, फायब्रोसिस होतो, पुढे गाठीही.

तिरपी_काच:
मग चरबी तयार होण्याच्या आधीची पायरी धरा, फ्रुक्टोजवर पहिली प्रक्रिया करणारं केटोहेक्सोकायनेज. जन्मतः ते नसलेल्यांच्या लघवीत फ्रुक्टोज जातं, बाकी त्रास नाही. सुरक्षिततेचा याहून चांगला दाखला कुठे मिळणार? फायझरच्या रेणूने फेज २ मध्ये यकृतातली चरबी कमीही केली.

गंधकाम्ल:
चरबी, फायब्रोसिस नव्हे. आणि ते साखरेचं कायनेज. चर्चा प्रोटीन कायनेजची होती. गोलपोस्ट हलवू नका.

पेट्रीडिश:
दोघेही मोजमापावर बोलत नाही आहात. असे रेणू बहुधा कायनेजवरच्या जागेसाठी एटीपीशी स्पर्धा करतात. एटीपी केएमइतकं (एन्झाइमचा वेग निम्मा राहील इतकं) ठेवून आलेला आयसी५० (क्रिया निम्म्यावर आणणारी मात्रा) पेशीत टिकत नाही, तिथे एटीपी १ ते ५ मिलिमोलर असतं. त्या पातळीवर पुन्हा मोजा. यकृतातच साठावा म्हणून रेणूला कार्बोक्झिलिक आम्ल जोडलं, तर तो आत शिरतो ओएटीपी१बी१ या यकृतपेशींवरच्या वाहक प्रथिनातून. हेपजी२ या प्रयोगशाळेतल्या यकृत-कर्करोगाच्या पेशींमध्ये हा वाहक नगण्य, त्यामुळे चांगला रेणूही तिथे नापास होतो. प्रायमरी मानवी हेपॅटोसाइट घ्या. चरबी भरताना ओलिएट-पामिटेट या मेदाम्लांचं प्रमाण २:१ ठेवा; नुसत्या पामिटेटने पेशी मरतात आणि तुम्ही लिपोटॉक्सिसिटी (मेदाम्लांची विषबाधा) मोजत बसता. माध्यमात रेणूला बांधून ठेवणारं अल्ब्युमिन किती, तेही नोंदवा, नाहीतर मुक्त रेणू किती उरला ते कळणार नाही.

तिरपी_काच:
वाहकाचा मुद्दा पटला. पण सिरोसिसमध्ये रक्त यकृताला वळसा घालून जातं आणि वाहकही घटतात. असा रेणू एफ२-एफ३ मध्येच (सिरोसिसआधीच्या फायब्रोसिसच्या पायऱ्यांवर) तपासावा.