मदत हवी आहे: सव्वासात फुटांत डायनिंग टेबल, गोल की बाकवालं?

नमस्कार मंडळी,

आम्ही डोंबिवलीकर. हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या बाजूला सव्वासात बाय नऊ फूट जागा आहे. नऊ फुटांची भिंत मोकळी, आखूड बाजूला फ्रीज. जेवणारे रोजचे चार. इतकी वर्षं खालीच पंगत मांडायचो, पण सासूबाईंना गुडघ्यांमुळे आता खाली बसवत नाही. आम्ही सगळे जमिनीवर आणि त्या एकट्या खुर्चीत, मांडीवर ताट घेऊन, हे काही बघवत नाही.

टेबल नुसतं जेवायला राहणार नाही हे उघड आहे. भाजी निवडणं, लेकीचा दहावीचा अभ्यास, इस्त्रीचे कपडे, सगळं तिथेच येऊन पडणार.

नवऱ्याला चार फुटी गोल, वर पांढरा संगमरवर असलेलं आवडलंय. दिसतं झकास, नाही म्हणत नाही. मला चार बाय अडीच फुटी, भिंतीकडून बाक असलेलं सोयीचं वाटतंय. लाकूड कुठलं घ्यावं? बोर्डाची स्वस्त पडतात, पण आपला पावसाळा!

रिकामटेकडा:
आधी टेप काढा. सव्वासात फूट म्हणजे ८७ इंच. ४८ इंची गोल टेबल मधोमध ठेवलंत तर दोन्ही बाजूंना साडेएकोणीस इंच उरतात. खुर्ची सरकवून माणूस उठायला ३० तरी हवेत, मागून कुणी वाढायला जाणार असेल तर ३६. गोल बाद. भिंतीला बाक, पुढे ३० इंची टेबल, बाक थोडा टेबलाखाली, मग खुर्च्यांच्या बाजूला ४० इंच सहज मिळतात. जमिनीवर रद्दी पेपर चिकटवून टेबलाचा आकार करा, फ्रीजचं दार पूर्ण उघडून बघा आणि दोन दिवस तसंच वावरा.

पोहेवाली:
संगमरवरावर लिंबू, चिंच, कोकम सांडलं की चकाकी जाते. तो डाग नसतो, दगडच खाल्ला जातो, त्यामुळे पुसून काही उपयोग नाही. हळदीचं तर बोलायलाच नको. रोज आमटी-भात खाणाऱ्या घरात मी तरी घेणार नाही. नवऱ्याला फारच हौस असेल तर संगमरवराचा पोळपाट घेऊन द्या :)

लाकूड सागवान किंवा शिसम. 'सॉलिड' म्हणून सांगतात तेव्हा खाली वाकून टेबलाची उलटी बाजू बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या नाहीत तर वर नुसता पातळ पापुद्रा असतो. बोर्डाचं म्हणाल तर एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) कडा पाण्याने फुगतात. रोजच्या फरशी पुसण्यात पाय आधी जातात. उल्हासनगरचा फर्निचर बाजार तुम्हाला जवळ आहे, एक चक्कर मारा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार! पेपर लावले आहेत, नवरा त्यांना वळसा घालून मुकाट्याने जातोय. गोल आपोआप निकालात निघालं. आता सासूबाईंसाठी हातवाली खुर्ची शोधतेय, त्यांना उठताना आधार लागतो. पण दुकानात तिचे हात टेबलाखालच्या पट्टीला अडकत होते.

रिकामटेकडा:
अडकणारच, ती पट्टी तीन-चार इंच खाली येते. हातांची उंची आणि पट्टीची खालची कड, दोन्ही मोजून न्या. नाहीतर त्यांची जागा लांबीच्या टोकाला करा, फ्रीजपासून लांबच्या. तिथे खुर्ची आत सरकली नाही तरी चालेल. आणि बाक खुर्च्यांच्याच उंचीचा, १८ इंचांच्या आसपास. उंच झाला तर लेक अभ्यासाला वाकून बसेल.