भिक्षुक, भिक्षेकरी की भिकारी? मराठी सूचनेसाठी शब्द

(मंडळाच्या सदस्यांमधली चर्चा. प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याच्या इंदूरमधल्या वस्तीचे नाव दिले आहे.)

स्नेहलतागंज : इंदूरमध्ये १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या भीकबंदीच्या आदेशावर मंडळाची मराठी सूचना काढायची आहे. हिंदी पत्रकातले ‘भिक्षुक मुक्त’, ‘भिक्षावृत्ति’, ‘रेस्क्यू’ तसेच ठेवावेत का? आणि कलम १६३ म्हणजे ‘जमावबंदी’च ना?

लोकमान्य नगर : ‘भिक्षुक’ अजिबात नको. मराठीत भिक्षुक म्हणजे भिक्षुकी करणारे, मुंज-लग्न लावणारे गुरुजी. महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत ‘भिक्षेकरी’ रुळला आहे (भिक्षेकरी गृह), तोच घ्या. ‘भिकारी’ शिवीसारखाही वापरतात, फलकावर तो माणसाचा अपमान आहे. ‘मुक्त’ जोडायचेच तर ‘भीकमुक्त’. शहराला मुक्त करायचे ते भीक मागण्याच्या पाळीपासून, माणसांपासून नव्हे. ‘भिक्षावृत्ती’ला मराठीत स्वभावाचा वास येतो, त्यापेक्षा सरळ ‘भीक मागणे’ लिहा. सोबत ‘देणे’ही हवेच, कारण आदेशाने देणाऱ्यालाही मनाई केली आहे आणि नेमके तेच लोकांच्या लक्षात राहत नाही.

रामबाग : जमावबंदी नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ हे पूर्वीचे १४४. त्याखाली बहुधा जमण्यावर बंदी येते, म्हणून वर्तमानपत्री नाव तसे पडले. इथे ‘मनाई आदेश’ म्हणा. असा आदेश दोन महिने चालतो, राज्य शासन तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकते. तेव्हा ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशा दोन्ही तारखा छापा, नाहीतर मुदत संपलेला कागद भिंतीवर राहतो आणि त्यावरून वाद होतात. ‘दंड होईल’ हेही अपुरे आहे. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो : सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास, २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

लोकमान्य नगर : ‘रेस्क्यू’चे दोन अर्थ वेगळे करा. प्रौढांसाठी ‘निवाऱ्यात नेणे’. पुढचे समुपदेशन, कामाचे प्रशिक्षण वगैरे ‘पुनर्वसन’, हिंदीतले ‘पुनर्वास’ नव्हे. मूल असेल तर ‘पकडले’ कधीही लिहू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे ते काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे आणि २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. गुन्हेगार तो, जो त्याला भीक मागायला लावतो : त्याच अधिनियमाचे कलम ७६, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक ठळक छापा.

स्नेहलतागंज : मग पहिली ओळ अशी करते : ‘सार्वजनिक ठिकाणी भीक मागण्यास व देण्यास मनाई आहे. एकटे मूल भीक मागताना दिसल्यास १०९८ वर कळवावे.’

रामबाग : ‘एकटे’ काढा, ताई. मोठ्यांबरोबर असलेल्या मुलासाठीही कळवायचे आहे.