'पाणी सोडलं' म्हणजे नक्की काय सोडलं?

चिंचोका: परवा आत्याकडे वाद झाला. तिच्या धाकट्या दिरांनी तीस वर्षांपूर्वी आपला दुसरा मुलगा मावसभावाच्या मांडीवर दिला. आता दीर म्हणतात, "पोटचा पोर आहे, कायद्याने काहीतरी हक्क असेलच की!" आत्या ताडकन म्हणाली, "भावजी, तेव्हाच पाणी सोडलंत ना?" हा वाक्प्रचार दत्तकातूनच आला का? आणि अशा आईबापांना म्हणायचं तरी काय? जैविक पालक, जन्मदाते की खरे आईवडील?

जुनी पोथी: फक्त दत्तकातून नाही. कुठल्याही दानाच्या संकल्पात हातावर पाणी घेऊन सोडतात, वाक्प्रचार तिथला. पण दत्तविधानात तो चपखल बसतो, कारण तिथे घेणारा 'पुत्रं देहि' म्हणून मागतो आणि जनक, म्हणजे जन्मदाता बाप, देतो. मुळात 'दत्त' म्हणजे 'दिलेला'. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्टच आहे की दत्तक गेलेल्याने जनकाचं गोत्र आणि रिक्थ, म्हणजे वारसा, घ्यायचा नाही; आणि देणाऱ्याचा पिंडही तुटतो. मुलाचा वारसा जातो तसा बापाचा पिंडही जातो. तुमच्या आत्याबाई मनूच्या बाजूने बोलल्या म्हणायच्या!

'जनक पिता' हा कागदोपत्री रुळलेला जुना शब्द. मला अजूनही तोच बरा वाटतो. 'जैविक' ऐकलं की खत आठवतं.

काळा कोट: कायदाही जवळपास तेच म्हणतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956, कलम 12: दत्तकाच्या तारखेपासून जन्मघराशी असलेले सगळे संबंध तुटले असं मानायचं. अपवाद थोडे. त्याआधीच मुलाच्या नावे निहित, म्हणजे कायद्याने त्याचीच झालेली, मिळकत त्याच्याकडेच राहते. आणि लग्नाच्या बाबतीत जुनं नातं मोजतात. जन्मघरात जिच्याशी लग्न चाललं नसतं तिच्याशी दत्तक गेल्यावरही चालत नाही. कलम 15 प्रमाणे वैध दत्तक रद्द होत नाही, मुलालाही परत फिरता येत नाही.

मग जन्मदात्यांचा हक्क कुठे? देण्याआधी. द्यायचं की नाही, हा. 2015 च्या बाल न्याय कायद्यात बाल कल्याण समितीपुढे मूल सरेंडर केलं तर फेरविचाराला दोन महिने मिळतात. पुढे दत्तकाचा आदेश झाला की तिथेही संबंध तुटले.

आता शब्दाची गंमत. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात 'पालक' या व्याख्येत जैविक, दत्तक घेणारे आणि सावत्र असे सगळे आईवडील आहेत. दत्तक दिलेल्या मुलाचं काय, हे व्याख्या सांगत नाही. म्हणजे दिरांच्या वकिलाला बोलायला जागा असलीच तर ती 'जैविक' या शब्दात. पोथीवाल्यांनी खत म्हणून हिणवू नये.

उंबरठा: मी स्वतः घेणारी आई आहे, म्हणून 'खरे आईवडील' तेवढं टाळा. लेक पाचवीत असताना शेजारणीने तिच्यादेखत विचारलं, "हिची खरी आई कुठली?" लेक म्हणाली, "ही काय, पोळ्या लाटतेय." मी लाटणं ठेवून बाहेर आले तोवर शेजारीण गेली होती.

'दत्तक आई' हेही मला खटकतं. दिलेलं मूल असतं, आई कुठे कोणी दिलेली असते? व्याकरणाने पाहिलं तर 'दत्तक घेतलेली आई' असाच अर्थ निघतो. आमच्या घरी शब्द आहे 'ओटीत घातलं'. तिच्या जन्मदात्रीने तिला ओटीत घातलं, असं मी लेकीला सांगते. आपण तिला कधी पाहिलेलं नाही, ती इकडे येणार नाही, पण या शब्दात तिच्यासाठी जागा आहे.

जुनी पोथी: ओटीत घालणे, मांडीवर देणे, दत्तक बसणे, दत्तक जाणे. 'दत्तक जाणे' मात्र पाहा, जाणारा स्वतःच्या पायांनी चाललाय! आपल्या मुंबई इलाख्यात रूढीने मोठी, लग्न झालेली माणसंही दत्तक जात, म्हणून हे क्रियापद विचित्र वाटलं नसावं. (हल्ली उद्यानातला बिबट्याही वर्षभरासाठी दत्तक घेतात. कलम 15 तिथे लागू नाही.)

चिंचोका: सगळ्यांचे आभार. काल आत्याने ट्रंकेतून दत्तकपत्र काढलं. त्यात जनक नाही, जैविक नाही, खरे नाहीत. दिरांच्या नावापुढे आहे 'लिहून देणार', मावसभावाच्या 'लिहून घेणार'. दिरांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि चहा मागितला.