मदत हवी आहे : मुलाच्या हृदयाचा एमआरआय, श्वास धरायचा सराव कसा करून घेऊ?

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. मुलगा ११ वर्षांचा. जन्मतः टेट्रालॉजी ऑफ फॅलॉट (हृदयाच्या रचनेतला दोष). दहा महिन्यांचा असताना परळला ऑपरेशन झालं. फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी केली, त्यात तिथली झडप गळकी राहिली. हे तेव्हाच सांगितलं होतं. एरवी गडी ठणठणीत. तलावपाळीला सायकलवर माझ्या पुढे असतो.

इको (हृदयाची सोनोग्राफी) दरवर्षी होतो. यंदा डॉक्टर बराच वेळ छातीच्या हाडाशी प्रोब दाबत राहिले. म्हणाले, "उजवा कप्पा मोठा वाटतोय. किती, ते इकोवर छातीठोक सांगता येणार नाही. एमआरआय करून घ्या." त्या "वाटतोय"ने माझी झोप उडवलीय.

इतकी वर्षं इको चालला, मग आताच का नाही? छातीच्या हाडाला ऑपरेशनच्या स्टीलच्या तारा आहेत, त्यांचं काय? आणि श्वास पुन्हा पुन्हा रोखावा लागतो म्हणे. सध्या ओट्याजवळ उभा राहून गाल फुगवून २२ सेकंद काढतो, आजी "पुरे रे बाबा" म्हणून ओरडते.

प्रतिसाद :
ताई, माझी मुलगी याच वाटेवरची, दोनदा एमआरआय झालाय. उजवा कप्पा डाव्याला वळसा घालून बसलेला, आकार वेडावाकडा, त्यात हाडाच्या मागे. मूल वाढलं की इकोला तो नीट सापडत नाही. एमआरआयमध्ये कप्प्याचे पावाच्या स्लाइससारखे काप घेतात, प्रत्येकाची कड आखून बेरीज करतात. झडपेतून किती टक्के रक्त मागे येतं तेही मोजतात. कप्प्याचा आकडा शरीराच्या आकारमानाने भागून येतो, म्हणून उंची-वजन त्याच दिवशीचं द्या. उजवा कप्पा पूर्ण भरलेला असताना १५०-१६० मिली प्रति चौरस मीटरच्या आसपास गेला की डॉक्टर नवीन झडपेचा विचार सुरू करतात. तो एकच आकडा धरून ठरवत नाहीत, तेव्हा रिपोर्ट बघून गूगल करत बसू नका (मी बसले होते). सीटी झटपट होतं, पण त्यात किरणोत्सर्ग. वारंवार करायचं तर एमआरआय बरा.

तारा सहसा चालतात, फोटोत तेवढ्या जागी काळा ठिपका येतो. तरी आधी सांगाच. पेसमेकर वगैरे असेल तर गोष्ट वेगळी.

आणि गाल फुगवणं बंद करा! बहुतेक ठिकाणी श्वास *सोडून* थांबायला सांगतात, म्हणजे हृदय दर वेळी त्याच जागी राहतं. एका वेळी १०-१५ सेकंद, पण असं बऱ्याचदा. सगळं मिळून तासभर धरा. मशीनचा खडखडाट मोबाइलवर आधी ऐकवा.

धागाकर्ती :
खूप आभार! आत्ताच करून पाहिलं. श्वास सोडून नवव्या सेकंदाला खुदकन हसला. आता मोजायला आजीलाच बसवलंय, तिच्यासमोर हसत नाही.